मला जरा गाडी आहे

मासिक बैठकीत कविता वाचून झाली की कवीला गाडी असते. वाचण्याआधी नसते. तोवर तो सतरंजीवर मांडी ठोकून बसलेला असतो, सूत्रसंचालकाकडे बघून खाकरतो आणि नाव पुकारण्याआधीच अर्धा उठतो. कविता होते, टाळ्या पडतात, वही पिशवीत जाते. मग हात जोडून, मघाचा सगळा टिपेचा आवाज गिळून, तो म्हणतो, "अध्यक्षांची परवानगी घेतो. मला जरा गाडी आहे."

सिल्वासात रेल्वे स्टेशन नाही. पोर्तुगीजांनी बांधलं नाही. १९५४ ते १९६१ दादरा-नगर हवेलीचा हा मुलूख आपला कारभार आपणच पाहत होता तेव्हा झालं नाही. केंद्रशासित झाल्यावरही नाही. गाडी म्हणजे वापी, सुमारे १८ किलोमीटर. त्यात कारखाने सुटायची वेळ, रस्त्यावर ट्रकांची रांग. म्हणजे माणसाला लवकर उठावंच लागेल, मान्य. पण गाडी असलेल्यांपैकी निम्मे लोक इथल्याच आमलीत राहतात. आमचे एक ज्येष्ठ गझलकार तर हॉलच्या मागच्याच सोसायटीत. त्यांच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या बैठकीत ऐकू येतात. तिसऱ्या शिट्टीला त्यांनाही गाडी असते.

कुठली गाडी, याचा मी जरा छडा लावायचं ठरवलं. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी फ्लाइंग राणी वापीवरून सुरतेला जाते. आता नोकरीनिमित्त इथे आलेल्या आमच्या मंडळींची गावं नाशिक, धुळे, जळगाव, रत्नागिरीकडची. सुरतेला यांचं कोण? बरं, सुरतेला उतरून ताप्ती लाइन धरली की खानदेश गाठता येतो, नंदुरबार, अमळनेर करत थेट भुसावळपर्यंत. पण पायात स्लिपर आणि हातात कवितेची वही, एवढ्या सामानावर? दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना दिसतात. भुसावळहून इतक्या लवकर परत यायचं तर विमान लागेल. एकदा किलवणी नाक्यावर मला असेच एक गाडीवाले कवी सापडले. पावभाजी खात होते. मी विचारलं, "सर, गाडी?" त्यांनी पावाला भाजी लावली आणि म्हणाले, "लेट आहे."

२ ऑगस्टला मुक्तिदिनाची खास बैठक असते. १९५४ साली सिल्वासा मुक्त झालं तेव्हा पोर्तुगीज शिपायांनीही इथून काढता पाय घेतला होता, खानवेलच्या दिशेनं. पण ते हरायची वेळ आल्यावर. आमचे लोक टाळ्या घेऊन जातात.

यंदा त्या बैठकीत तारप्यावर चार कविता झाल्या. मोहाची फुलं सगळ्यांत होती, दमणगंगा तिघांत वाहिली आणि एकीत तर रडली. चौघांनाही गाडी होती. सगळ्यांत शेवटी एका वारली पोराचा नंबर लागला. नवा म्हणून शेवटी. यार्नच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला, धड झोपलेलाही नसावा, पण सगळ्यांचं सगळं ऐकत बसला होता. तो आपल्या बोलीत वाचायला उभा राहिला तेव्हा समोर अध्यक्ष, मी आणि चहाचे उष्टे कप. अरे, ज्याच्या तारप्यावर तुम्ही कडवीच्या कडवी पाडता, तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा तुम्ही जिन्यात चपला शोधत असता? त्याच्या घरी लग्न लावणारी धवलेरी गाऊ लागली तर तिथून कोणी "मला गाडी आहे" म्हणून उठून दाखवावं! वर पुन्हा अध्यक्षीय समारोपात "आजची बैठक उदंड प्रतिसादात पार पडली" असं ठोकून द्यायचं. कोणाच्या प्रतिसादात? सतरंजीच्या? आणि हेच लोक प्रातिनिधिक संग्रहासाठी मात्र पैसे भरून पहिलं पान अडवतात, दहा प्रती घेतात आणि दुसऱ्याचं पान उलटतसुद्धा नाहीत.

म्हणून मी लेखी सूचना दिली आहे की बैठक यापुढे वापी स्टेशनच्या एक नंबर फलाटावर घ्यावी. ज्याला गाडी आहे त्यानं तिकीट दाखवावं आणि गाडी येईपर्यंत इतरांचं ऐकावं. गाडी लेट झाली तर दीर्घकविताही चालतील. सूचना वाचून ज्येष्ठ गझलकार प्रसन्न झाले. म्हणाले, "उत्तम! फक्त माझं नाव सुरुवातीला घ्या. मला सिल्वासाची शेवटची रिक्षा आहे."