शिव्या चुकीच्या दारात

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी २०१७च्या शेवटी महिन्याभरात दोनदा रान उठवलं. पहिल्यांदा त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. दुसऱ्यांदा त्यांनी लाज आणली.

आधी बरोबर होतं ते. नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘बॅटलफ्रंट टू’ हा ‘स्टार वॉर्स’वरचा गेम येत होता. किंमत साठ डॉलर. एवढे मोजूनही डार्थ व्हेडर हे लाडकं पात्र कुलपात. तो उघडायला गेममधली साठ हजार क्रेडिट लागणार होती, आणि खेळाडूंनी हिशेब मांडला तेव्हा एवढी क्रेडिट जमवायला चाळीसेक तास खेळावं लागेल असं दिसलं. शिवाय खरे पैसे टाकून बंद क्रेट घेता येत होते. त्यातून चांगली कार्डं निघाली की समोरच्यापेक्षा तुमची ताकद जास्त. काय निघेल ते मात्र नशिबावर. बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगायला नको. यूसी हे गेममधलं चलन विकत घ्यायचं, क्रेट उघडायचा, हवी ती स्किन नाही निघाली की परत यूसी, आणि पैसे बापाच्या खात्यातून.

कंपनीने रेडिटवर खुलासा केला की कष्टाने हिरो मिळवला तर खेळाडूला अभिमान वाटेल. त्या खुलाशाला सहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली आणि तो विक्रम गिनेस बुकात गेला. कंपनीने आधी क्रेडिटची संख्या पाऊण हिश्शाने उतरवली. तेवढ्याने भागेना, तेव्हा गेम बाजारात यायच्या तोंडावर खऱ्या पैशांची खरेदीच बंद केली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने पैसे टाकून उघडायचे असे क्रेट म्हणजे जुगारच, असा निर्वाळा दिला. चाहता चिडला तर काय होऊ शकतं, ते इथे दिसलं.

आता डिसेंबर. ‘द लास्ट जेडाय’ हा ‘स्टार वॉर्स’चा चित्रपट झळकला आणि पुष्कळांना आवडला नाही. हरकत नाही. त्यातला कॅसिनोचा लांबलेला भाग मलाही कंटाळवाणा वाटला. मग जाब कुणाला विचारायचा? पटकथा आणि दिग्दर्शन रायन जॉन्सनचं, पैसा आणि निर्णय डिस्नीचे. पण शिव्या पडल्या केली मरी ट्रॅनला. व्हिएतनामी वंशाची ही अमेरिकन अभिनेत्री, रोझ टिको या भूमिकेत. तिच्या रंगावरून, वंशावरून, शरीरावरून महिनोन् महिने इतकी घाण ओतली गेली की जून २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पुढचा चित्रपट २०१९मध्ये आला. त्यात रोझला पडद्यावर जेमतेम सव्वा मिनिट मिळालं.

स्टुडिओने आपल्या अभिनेत्रीच्या मागे उभं राहायला हवं होतं. त्याऐवजी भूमिकाच पुसून टाकली. मला त्या शिव्यांइतकीच चीड या सव्वा मिनिटाची येते.

गेमच्या दुनियेतला याहून वाईट प्रकार २०२०चा. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात ॲबी नावाची बाई पहिल्या भागाच्या लाडक्या नायकाला, जोएलला, मारते. ॲबीला आवाज आणि हालचाली लॉरा बेलीच्या. चेहरा तिचा नाही, देहयष्टीही दुसरीच्या अंगावरून घेतलेली. तरी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या त्या बेलीला, आणि तिच्या लहानग्या मुलाचंही नाव घेऊन. कथा लिहिणाऱ्यांत ती नव्हती. तिने भूमिका इतकी चोख केली की त्या वर्षी गेम ॲवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार तिलाच मिळाला. पुढे एचबीओच्या मालिकेत ॲबी साकारणाऱ्या केटलिन डेव्हरला चित्रीकरणाच्या वेळी जादा सुरक्षा द्यावी लागली. पात्र काल्पनिक, खून काल्पनिक, आणि अंगरक्षक मात्र खरे.

निळू फुल्यांचा खलनायक पडद्यावर पाहून बायका बोटं मोडायच्या, हे आपण कौतुकाने सांगतो. सांगावंच, कारण ती अभिनयाला मिळालेली दाद होती. लेकराच्या नावाने आलेली धमकी दाद नव्हे, ती पोलिसांत द्यायची गोष्ट आहे. ‘फॅन लोक असतात असे भावुक’ म्हणून तिच्यावर पांघरूण घालणारे तितकेच दोषी.

नट सापडतो, म्हणून मार खातो. त्याचं नाव ठाऊक, चेहरा ठाऊक, पोस्टखाली लिहायची जागा मोकळी. क्रेटची किंमत कुणी ठरवली, सव्वा मिनिटाची कात्री कुणी लावली, त्यांची नावं गाजत नाहीत. आणि चाहते पात्रांवरून एकमेकांची डोकी फोडत असले की कंपन्यांना रान मोकळं मिळतं.

‘द क्रू’चंच बघा. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४चा. अख्खी अमेरिका लहान करून नकाशात बसवलेली, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत गाडी हाणायची. एकट्याने खेळायची कथाही होती, पण कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्याशिवाय काहीच चालायचं नाही. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि गेम मेला. डिस्क कपाटात असली तरी उपयोग शून्य. बऱ्याच जणांच्या खात्यातून तर त्याचा परवानाही काढून घेतला. विकलेला माल विकणाऱ्याने घरात शिरून निकामी केला तर आपण काय म्हणू?

रॉस स्कॉट या यूट्यूबरने यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. मागणी माफक आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा, एवढंच. युरोपीय संघाकडे नेलेल्या त्यांच्या अर्जाने जुलै २०२५मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यात कुणाच्या मुलाला धमकी नाही, कुणाच्या रंगाचा उद्धार नाही. कायद्याची भाषा आणि सह्या.

तोवर कॅलिफोर्नियाने कायदाही केला. १ जानेवारी २०२५पासून तिथल्या डिजिटल दुकानदाराला ‘विकत घ्या’ म्हणायचं असेल, तर गिऱ्हाईक फक्त परवाना घेतंय हे स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलं की ‘द क्रू टू’ आणि ‘मोटरफेस्ट’ या पुढच्या गेमना ऑफलाइन खेळण्याची सोय देऊ. पहिल्या ‘द क्रू’चा त्या घोषणेत समावेश नव्हता.