शून्य तक्रारींची शाळा

आपल्या शाळांत दादागिरी होत नाही. खात्री करायची तर कोणत्याही मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन विचारा. ‘आमच्याकडे असले प्रकार नाहीत,’ हे उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत मिळेल. वर सरस्वतीच्या तसबिरीकडे एक कटाक्ष, म्हणजे साक्षीदाराचीही सोय झाली.

जपान बिचारा या बाबतीत फारच मागासलेला. २०११ साली ओत्सू शहरात सोबत्यांच्या छळापायी तेरा वर्षांच्या एका मुलानं जीव दिला. शाळेनं आणि शिक्षण मंडळानं आधी हात झटकले, देशभर संताप उसळला आणि २०१३ मध्ये तिथं शालेय छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाच झाला. तेव्हापासून तिथले शिक्षक असले प्रकार शोधून शोधून नोंदवत बसलेत. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात आकडा ७ लाख ३२ हजारांवर गेला. आणि निर्लज्जपणा बघा, तिथलं शिक्षण खातं म्हणतं की आकडा मोठा म्हणजे शिक्षकांचं मुलांकडे लक्ष आहे. ज्या शाळेला एकही प्रकार सापडला नाही, तिनं मात्र तसं मुलांना आणि पालकांना जाहीर सांगून पडताळून घ्यावं. शून्यावर संशय! आपला एखादा मुख्याध्यापक सल्लागार म्हणून पाठवायला हवा तिकडे.

आपली व्यवस्था कशी चोख आहे पाहा. शाळेत तक्रारपेटी हवी, असं राज्य सरकारनं २०१७ मध्येच सांगितलं. बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, पुन्हा सांगितलं. सोबत सीसीटीव्हीही सक्तीचे केले. त्यामुळे पेटी आहे. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपाईमामांच्या स्टुलाच्या बरोबर वर. चिठ्ठी कोणी टाकली हे पेटीआधी मामांना कळतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत दहावी ‘ब’ला. किल्ली ज्या क्लार्कबाईंकडे होती, त्या निवृत्त झाल्या. ‘पेटी रिकामी’ हा शेरा मात्र दर आठवड्याच्या तारखेनिशी, एकाच शाईत आणि बहुधा एकाच बैठकीत लिहिलेला सापडेल. कॅमेरेही आहेत: गेटवर, जिन्यात, संस्थापकांच्या पुतळ्यावर. मुतारीत कॅमेरा लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ही गोष्ट सातवीतल्या दादांनाही ठाऊक असते.

म्हणून काही मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भरलेली बाटली तशीच घरी येते. आईला वाटतं, विसरला. रविवारी न दुखणारं पोट सोमवारी सकाळी दुखतं. डब्यात कोणी थुंकलं हे सांगायचं नसतं, म्हणून ‘भूक नव्हती’. चष्मा ‘पडून’ फुटतो, पुन्हा फुटतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्हशीच्या धडाला त्याचं तोंड लावलेला स्टिकर फिरतो आणि हसणाऱ्यांत कालपर्यंत त्याच्याच बाकावर बसणारा मित्रही असतो. मला विचाराल तर त्यापेक्षा मार लवकर विसरता येतो. आडनावावरून, रंगावरून, गावरान हेलावरून, चालण्यावरून पडलेली नावं गॅदरिंगच्या फिशपाँडपर्यंत पोचतात. तिथं ती सर स्वतः माइकवरून वाचतात, पालक टाळ्या वाजवतात, आणि ज्याच्यावर फिशपाँड पडला त्यानं खिलाडूपणे हसायचं असतं. न हसल्यास पुढच्या वर्षी दोन.

जगातल्या जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला महिन्याभरात सोबत्यांचा छळ सोसावा लागला, असं युनेस्कोचा २०१९ चा अहवाल सांगतो. हे तिघेही बहुधा शेजारच्या शाळेतले असावेत.

तरीही एखादा बाप अर्धी रजा टाकून येतोच. मग समुपदेशन सुरू होतं, अर्थात बापाचं. ‘पोरं आहेत हो, मस्ती चालायचीच.’ ‘तुमचा मुलगा जरा हळवा आहे, कराटे लावा.’ शेवटी दोघांना बोलावून हस्तांदोलन. मारणाऱ्याला तेवढाच हात पिळायला आणखी एकदा मिळतो. बाप फारच ताणू लागला तर तोडगा निघतो: मार खाणाऱ्याची तुकडी बदलायची. मारणारा संस्थेच्या सचिवांचा भाचा असल्यानं त्याची तुकडी बदलणं शैक्षणिकदृष्ट्या योग्य नसतं. (त्या भाच्याला घरी पट्ट्यानं कोण बडवतं, हे तर कोणीच विचारत नाही.) त्याउपर ‘दाखला हवा असेल तर अर्ज करा’ हे इतक्या प्रेमानं सांगतात की बाप मुकाट्यानं स्कूटरला किक मारतो.

एकच अडचण आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तो कॉलेजांपुरता, असा शिक्षकखोलीत समज. पण त्यातली व्याख्या शिक्षण देणाऱ्या इतर संस्थांनाही कवेत घेते. अल्पवयीन मुलांचं काय करायचं हे बाल न्याय मंडळ बघेल. आपल्याला रस आहे तो मुख्याध्यापकांच्या कलमात. लेखी तक्रार हाती आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर निलंबन आणि पोलिसांना कळवणं. टाळाटाळ केली तर त्यानंच गुन्ह्याला साथ दिली, असं कायदा धरतो. शाळेत सगळं तोंडी का चालतं, ते आता लक्षात आलं असेल. ‘लिहून कशाला देताय? आपण घरचीच माणसं!’

पालकहो, शाळेच्या घरचं माणूस होऊ नका. तक्रार कागदावर द्या आणि झेरॉक्सवर सही, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय ऑफिसची पायरी उतरू नका. सात दिवस त्या तारखेपासून मोजतात.