एका वाहनमर्मज्ञास अनावृत पत्र

मुक्काम येरमाळा, तालुका कळंब
चैत्र वद्य पंचमी

श्रीयुत वाहनमर्मज्ञ, यंत्रकोविद, चिरंजीव भाचेसाहेब यांसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडीलकीच्या नात्याने वास्तविक पत्राचा प्रारंभ आशीर्वादाने करावयाचा. परंतु ज्या पुरुषाने आमच्या अंगणात उभे राहून, गाडीचे बॉनेट उघडवून, पाच मिनिटांच्या आत आमच्या निवृत्तीच्या शिलकेचा निकाल लावला, त्यास आशीर्वाद देण्याची योग्यता आमच्या ठायी उरली आहे किंवा कसे याची शंका आल्यावरून नमस्कारच पाठवीत आहे. पत्र अनावृत ठेवण्याचे कारण इतकेच, की आपल्यासारखा एक तरी मर्मज्ञ हल्ली प्रत्येक कुटुंबात निपजला असून त्या सर्वांच्या नावे निरनिराळे टपालहंशील भरणे आम्हांस झेपणारे नाही.

प्रसंग आपल्या स्मरणात असेलच. तरी दप्तरी नोंद असावी. चैत्री पौर्णिमेची यात्रा, येडेश्वरीची पालखी डोंगर उतरून आमराईत आलेली, काळ्या रानातून चुनखडीचे खडे वेचून परतलेली पाहुणेमंडळी ओसरीवर विसावलेली, आणि अंगणात पाडव्याला आणलेली, कुंकवाची बोटे अद्याप न पुसलेली आमची पांढरी सेडान उभी होती. कोणी डिकीची तारीफ करीत होते, कोणी एसीची. आणि आमच्या मातोश्रींनी तर "पाय पसरून बसता येतंय बाई" या एकाच वाक्यात, गृहस्थाने सेडान कशासाठी घ्यावी, हे सगळे शास्त्र सांगून टाकले होते. इतक्यात आपण पुढे झालात, आत डोकावलात, आणि आशा सोडलेल्या वैद्याने रोग्याची नाडी सोडावी तसा हात मागे घेऊन म्हणालात, "मामा, तीनच सिलिंडर? हजार सीसी? एवढ्या मोठ्या गाडीला?"

देवीचे भक्त त्या दिवशी काळ्या मातीतून पांढरे खडे वेचीत होते. आपण पांढऱ्या गाडीतून काळे वेचलेत.

आपल्या आक्षेपांची यादी लांबलचक होती. सीसीला पर्याय नाही, हा पहिला. त्यावर नम्र खुलासा असा, की आपल्याच चाकणला 2022 सालापासून तयार होणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या सेडान गाड्यांतले 999 सीसीचे इंजिन 1750 फेऱ्यांपासूनच 178 न्यूटन-मीटरची ओढ देते. आणि ज्या होंडा सिटीच्या चार सिलिंडरांचे आपण स्तोत्र गायलेत, तिचे 1498 सीसीचे, टर्बोविना चालणारे इंजिन 145 च्या पुढे जात नाही, व तेथवर जाण्यासही त्यास 4300 फेऱ्या लागतात. नळीवाटे फुकट जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवावे, आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्राने सिलिंडरात अधिक हवा कोंबावी, ही आल्फ्रेड ब्यूखी नामक स्विस अभियंत्याची युक्ती. तिचे पेटंट 1905 सालचे. काल आलेले खूळ म्हणून ज्याची आपण संभावना केलीत, ते आपल्या पणजोबांच्या वयाचे आहे. अठराशे फेऱ्यांखाली गाडी 'मेलेली' असते, हा दुसरा आक्षेप. असेल, परंतु येरमाळ्याच्या बाजारपेठेत म्हशींच्या मागे चालताना जिवंत गाडी घेऊन आम्ही काय करावयाचे होते?

इंजिने लहान का झाली, हेही आपण कंपन्यांच्या लबाडीवर ढकलून मोकळे झालात. आमचे वडील सांगत, की निजामी अमदानीत येथून बार्शीस जाणे म्हणजे मोगलाईतून इंग्रजी मुलखात जाणे. आणि येताना वाटेत करोडगिरीचा नाका लागत असल्यामुळे शहाणी माणसे नवे धोतर जुन्यावर नेसूनच परतत. जकातीचे माप जसे असेल तसा मालाचा आकार बनतो. सन 2006 च्या अंदाजपत्रकात चार मीटरांपर्यंत लांबीच्या, आणि पेट्रोलवर 1200 सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाडीस अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 टक्के झाला, तेव्हापासून कारखानदारांनी लहान इंजिनातून मोठे काम काढण्याचा जो अभ्यास चालविला, त्याचेच फळ पुढे मोठ्या गाड्यांतही उतरले. पुढे 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 चा अंमल बसला आणि लहान डिझेल इंजिनांस बहुतेक कंपन्यांनी निरोप दिला. असो. हे आपल्याला ठाऊक असणारच. मर्मज्ञास ठाऊक नाही असे काही असू शकते काय?

परंतु ही फिर्याद सीसीची नव्हे. आमच्या कुटुंबाने पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंत या गाडीतून तुळजापूर केले, लातूर केले, बार्शीस दोन खेपा केल्या. त्या अवधीत आपल्या मामीला इंजिनाचा आवाज म्हणून काही ऐकू आला नव्हता. आपण निघता निघता, केवळ ज्ञानदानाच्या बुद्धीने, तिला सांगितलेत की "मामी, गाडी उभी असताना सीटवर हात ठेवून बघा, थरथर लागेल, तीन सिलिंडरांचा तोलच बसत नसतो." तिने हात ठेवला. तिला थरथर लागली. त्या घटकेपासून आजतागायत ती लागतच आहे. फाटक पडले की लागते, पेट्रोल पंपावर लागते. काल तर मोटार बंद असताना लागली. जो दोष होता न होता सारखाच, तो जाणण्याचे एक नवे इंद्रिय आपण आमच्या घरात बसवून गेलात, आणि त्याच्या मोबदल्यात आम्हांस मिळाले काय, तर मागील आसनावरून येणारा एक सुस्कारा. तिच्या त्या पंधरा दिवसांच्या निर्मळ सुखावर हक्क सांगण्याचा अखत्यार आपणांस कोणी दिला होता?

आणि टर्बो टिकत नाही म्हणे! पन्नास हजार किलोमीटरांत इंजिन खोलावे लागेल, असे चार माणसांदेखत तू बोललास. अरे, तुझ्या बापाची डिझेल डिझायर कितीची होती? 1248 सीसीची. टर्बो होता की नव्हता? होता. फियाटचे ते इंजिन मारुतीपासून टाटापर्यंत सगळ्यांनी घेतले, रांजणगावात ते बनत असे, आणि निम्मा महाराष्ट्र त्याच्या जोरावर टूर मारीत होता. त्याच गाडीने दाजींनी तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट अशा फेऱ्या मारून साडेतीन लाख किलोमीटर ओढले, आणि त्याच फेऱ्यांतून तुझी फी भरली. डिझेल वेगळे, पेट्रोल वेगळे, असे तू म्हणशील, म्हण. पण लहान टर्बोवर शिकलेल्या मुलाने लहान टर्बोला नावे ठेवताना जीभ एकदा तरी अडखळावयास हवी होती.

'आपण'चा 'तू' झाला, तो आता तसाच राहू दे.

कारण दुसऱ्या दिवशी तुला बार्शीस सोडावयास निघालो, तेव्हा तू खालच्या आवाजात विचारलेस, "मामा, जरा मी घेऊ?" पुण्याहून एसटीने, अर्धी वाट उभ्याने आलेला, चाकणला कंत्राटदाराच्या हाताखाली दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे बोल्ट आवळणारा आणि चौघांत मिळून एका खोलीत राहणारा तू, तुझ्याजवळ गाड्यांविषयी इतकी मते का आहेत, हे त्या प्रश्नासरशी मला उमगले, आणि खरे सांगतो, मला माझ्या चावीची लाज वाटली. बार्शीस पोहोचलो तरी तू उतरेनास. "परत येरमाळ्यापर्यंत नेतो, मग संध्याकाळच्या गाडीने जाईन," म्हणालास. बालाघाटाच्या चढणीवर यात्रेकरूंचा टेम्पो पुढे रांगत होता. तू तिसरा गिअर टाकलास, काटा दोन हजारांवर गेला, आणि गाडीने जी उसळी घेतली तिच्याबरोबर तुझी सगळी मते मागे राहिली. दोन मिनिटे तू एक अक्षर बोलला नाहीस.

घाटमाथ्यावर गाडी उभी केलीस, पण बंद केली नाहीस. मी म्हणालो, बंद कर की. तू बोट वर करून थांबविलेस, अर्धे मिनिट ते तीन सिलिंडरांचे इंजिन तसेच चालू दिलेस, मग किल्ली फिरवून म्हणालास, "घाट चढल्यावर टर्बो तापलेला असतो. बाबा कधीच लगेच बंद करायचे नाहीत."

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा मामा

ता. क. — तुझ्या मामीला थरथर अद्याप लागते. पुढच्या चैत्रीला येऊन ती स्वहस्ते काढून न्यावी. मात्र बॉनेट न उघडता.