आयोवाकर, बुसानकर आणि मी

साखरपुड्याला या म्हणून मी लखनौला फोन केला, तर होणारे व्याही म्हणाले, "हम आने की पूरी चेष्टा करेंगे." मी फोन ठेवून दिला. आपण अगत्यानं बोलवावं आणि समोरच्यानं चेष्टा करीन म्हणावं, तीही पूरी! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मुलानं सांगेपर्यंत मी सोयरीक मोडण्याच्या बेतात होतो.

लग्नात मी फिट्टंफाट केली. पाहुण्यांनी विचारलं, रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो. म्हटलं, "रोज शाम को हमारा कट्टा होता है. दस-बारा लोग जमते हैं." मंडळी जरा मागे सरकली. व्याह्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "पुलिस कुछ नहीं कहती?" म्हटलं, "कायको बोलेगी? कभी कभी हवालदार भी आके बैठता है." उत्तरेत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल, हे मला पाहुणे परत गेल्यावर कळलं.

महिन्याभरात मुला-सुनेनं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. मसुरीच्या वर लंढौर नावाचं गाव आहे, तिथल्या भाषाशाळेत पंधरा दिवस हिंदी शिकायचं. ही शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशातून येणाऱ्या मिशनऱ्यांसाठी निघाली, म्हणजे ज्यांना हिंदीत ओ की ठो कळत नाही अशांसाठी. "अरे, पण मला हिंदी येतं!" मी म्हणालो. सून काही बोलली नाही. लखनौची माणसं अशा वेळी काही बोलत नाहीत, तेवढ्यानं काम होतं. आमची ही म्हणाली, "तुम्ही शिका, मी डोंगर बघते."

डेहराडूनहून टॅक्सी मसुरीपर्यंत पोटातलं सगळं हलवते आणि लंढौरच्या चढावर उरलेलंही हलवते. वर सात हजार फुटांवर देवदार, थंडी आणि एक दगडी चर्च. १९०३ सालचं हे केलॉग मेमोरियल चर्च हाच शाळेचा पत्ता. सॅम्युअल केलॉग हे अमेरिकन मिशनरी. त्यांनी १८७६ मध्ये हिंदीचं जाडजूड व्याकरण लिहिलं. ब्रज, अवधी, भोजपुरी, कुमाऊँनी, कुठलीच बोली सोडली नाही. पुढे हिंदी बायबलच्या भाषांतराचं काम करत असताना १८९९ मध्ये याच लंढौरच्या उतारावर ते सायकलवरून पडून गेले. क्रियापदांची सगळी रूपं पाठ असली तरी उताराला त्याचं काही नसतं.

गुरुजी गढवाली होते. टोपी, मफलर आणि कुठल्याही चुकीला न हसणारा चेहरा. त्यांनी विचारलं, "आज सुबह क्या-क्या किया?" मी धडाधड सुरू झालो, "मैं उठा, मैं चाय पिया, मैं दो पाव खाया." गुरुजींनी वहीत एकच शब्द लिहिला, 'प्रारंभिक', आणि मला मिशनऱ्यांच्या वर्गात बसवलं.

वर्गात आम्ही चौघं. आयोवा राज्यातून आलेला सव्वासहा फुटी अमेरिकन, पुढे कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात जाणार होता. दुसरं एक कोरियन जोडपं, बुसान शहरातलं. यांची नावं मला नीट उच्चारता येईनात, म्हणून मी आपल्या पद्धतीनं त्यांना आयोवाकर, बुसानकर आणि बुसानकर वहिनी केलं. आयोवाकरला ते फार आवडलं. त्यानं वहीवरही तसं लिहिलं, फक्त 'आयोवाकार' असं, त्यामुळे तो एखाद्या ग्रंथाचा कर्ता वाटू लागला.

नव्या मिशनऱ्याचा दिवस कसा असतो ते मला गेस्ट हाऊसच्या पातळ भिंतीतून कळलं. पाचला गजर. मग प्रार्थना. मग सहा वाजता पलीकडून घोष सुरू: "लड़का जाता है. लड़की जाती है. लड़के जाते हैं." रोज पहाटे तो लड़का जात होता, ती लड़की जात होती. कुठे जात होती, ते पंधरा दिवसांत कळलं नाही. ही पांघरुणातून म्हणाली, "अहो, एकदाचे जाऊ देत ना त्यांना!"

नाश्त्यानंतर तास. एकेक तास पन्नास मिनिटांचा. त्यात दहा मिनिटं भाषा आणि चाळीस मिनिटं जिभेची कसरत. पहिली कसरत महाप्राणांची. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. 'क' म्हटलं तर ती हलता कामा नये, 'ख' म्हटलं तर उडाली पाहिजे. आयोवाकरची दोन्हींना उडे. नोव्हेंबरची थंडी होती, तेव्हा गुरुजींनी वर्ग बाहेर उन्हात नेला आणि कागद काढून घेतले. "अब भाप देखिए!" खरंच, 'भ' म्हटलं की तोंडातून वाफेचा गोळा सुटायचा आणि 'ब'ला नुसती रेघ. 'भाई, बाई, भाई, बाई' म्हणत तीन परदेशी माणसं हिमालयाच्या दिशेनं वाफा सोडत होती. मला हे सगळं जन्मतःच येत असल्यामुळे मी खिशात हात घालून उभा राहिलो. पंधरा दिवसांतला माझा तो एकमेव अभिमानाचा तास.

पुढचा तास लिंगाचा. गुरुजी म्हणाले, आत्मा स्त्रीलिंगी. 'मेरी आत्मा.' आयोवाकरनं हात वर केला. त्यानं रोज पहाटे वाचलेल्या जुन्या हिंदी बायबलात परमेश्वराचा आत्मा पुल्लिंगी होता. मीही उठलो. म्हटलं, आमच्या मराठीतही आत्मा पुल्लिंगीच. बुसानकर वहिनींनी शांतपणे सांगितलं की कोरियन भाषेत लिंगच नाही, कुणालाच नाही. गुरुजींनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. म्हणाले, "आत्मा तो सबकी एक ही है. परीक्षा में स्त्रीलिंग लिखिए."

'ने' आला आणि माझं पितळ उघडं पडलं. 'मैंने रोटी खाई.' आयोवाकर नियम पाठ करून मोकळा झाला. माझ्या कानाला मात्र 'मैं रोटी खाया' हेच पन्नास वर्षं बरोबर वाटत आलंय. न येणाऱ्या माणसाला शिकवता येतं; येतं असं वाटणाऱ्याला आधी विसरायला लावावं लागतं. गुरुजी माझ्यावर एकट्यावर जादा तास खर्च करू लागले. आयोवाकर सहानुभूतीनं म्हणाला, "आप चेष्टा कर रहे हैं." मी क्षणभर रागावलो, मग लक्षात आलं, आणि थँक्यू म्हटलं.

दुपारी गृहपाठ. तो वहीत नव्हे, रस्त्यावर करायचा. लंढौरमधल्या 'चार दुकान' नावाच्या ठिकाणी जायचं आणि हिंदीत खायला मागायचं. आयोवाकरनं वाटेत तीनदा म्हणून पाहिलेलं वाक्य टाकलं, "कृपया मुझे एक बन-आमलेट दीजिए." दुकानदार म्हणाला, "वन बन-ऑम्लेट, शुअर सर. चीज?" आयोवाकर हट्टाला पेटला, "मैं हिंदी सीख रहा हूँ." दुकानदार म्हणाला, "व्हेरी गुड सर." शतकभर मिशनरी बघितलेल्या गावात हे असंच चालायचं. इथल्या सिस्टर्स बाजारात पीनट बटरसुद्धा मिळतं, तेही मिशनऱ्यांचीच देणगी. मग मी पुढे झालो. "दो चाय देने का, शक्कर कम डालने का." दुकानदारानं हिंदीत विचारलं, "आप महाराष्ट्र से हैं ना?"

संध्याकाळी 'चक्कर' नावाच्या रस्त्यावर फेरी. हा रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टेकडीभोवती फिरतो. आयोवाकर हातात शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन पुटपुटत चाले. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. चिठ्ठी उलटायची, डोळे मिटायचे, शब्द आठवायचा. डोळे मिटायचे, हे महत्त्वाचं. मी नेहमी त्याच्या दरीकडच्या बाजूनं चालायचो. केलॉगसाहेबांची परंपरा मला ठाऊक होती. एकदा झाडावरच्या वानरानं 'क्षमा' आणि 'अनुग्रह' या दोन चिठ्ठ्या पळवल्या. आयोवाकर म्हणाला, "ठीक है. उसको भी चाहिए."

त्यानंच सांगितलं, पूर्वी काही मिशनांत भाषेची परीक्षा पास होईपर्यंत नव्या माणसाला सभेत मत द्यायचा अधिकार नसे. पहिलं वर्षभर बोलायचं, पण मत द्यायचं नाही. मला हा नियम आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी लिहून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या आठवड्यात मी शेवटचं अस्त्र काढलं. वर्गात उभा राहून सगळ्यांना 'ळ' म्हणायला लावला. हिंदीला नाही, आम्हाला आहे! आयोवाकरची जीभ टाळ्यापर्यंत गेली आणि परत येईना. बुसानकरांचा 'र' झाला. मी विजयी मुद्रेनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मफलर खाली ओढला आणि स्वच्छ, खणखणीत, कोल्हापूरच्या माणसानं मान डोलवावी अशा ळ-नं म्हटलं, "गढ़वाळ." मग पहिल्यांदाच हसले. "घर में तो हम यही बोलते हैं. हिंदी हमने भी स्कूल में सीखी. मार खा-खाकर." त्या दिवसापासून मी खिशातून हात काढून उभा राहू लागलो.

रात्री मला गोव्याचे फादर स्टीफन्स आठवले. १५७९ मध्ये इंग्लंडहून आलेला हा माणूस मराठी शिकला आणि त्यानं क्रिस्तपुराणाच्या सुमारे ११,००० ओव्या रचल्या. त्यालाही कधीतरी कुणीतरी 'प्रारंभिक'मध्ये बसवलं असेल. साष्टीतल्या कुठल्या अंगणात त्याच्या पहिल्या वाक्याला पोरं हसली असतील, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच अंगणात गेला असेल.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकानं तीन मिनिटं हिंदीत बोलायचं होतं. मिशनऱ्यांच्या दृष्टीनं ही रंगीत तालीम. पुढे आयुष्यभर हेच करायचं. बुसानकर उभे राहिले. कोरियन कानाला शब्दाच्या सुरुवातीचे 'प' आणि 'ब' वेगळे लागत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. पण परिणाम माहीत नव्हता. ते गंभीरपणे म्हणाले, "पहले मैं बाप में डूबा था. फिर मैंने बाप को छोड़ दिया." गुरुजींचा चेहरा हलला नाही. "पूरी तरह?" "जी. बाप से मुक्ति मिली. अब बहुत शांति है." वहिनी मागून कुजबुजल्या, "पाप, पाप!" त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि म्हणाले, "हाँ, वही. बाप." मी रुमाल तोंडात धरला. बुसानकरांनी ते पाहिलं. त्यांनी भाषण तिथून पुन्हा सुरू केलं, तसंच, तितक्याच गंभीरपणे.

माझी परीक्षा मी त्या रात्री घेतली. लखनौला फोन लावला. "नमस्ते भाईसाहब. मैंने सोचा, बहुत दिन हो गए, आपसे बात कर लूँ. आप लोग संक्रांत पर पुणे आइए. हमने ऊपर वाला कमरा तैयार करवाया है." दोन 'ने', दोन्ही जागच्या जागी. पलीकडे शांतता. मग काळजीचा आवाज, "भाईसाहब, आपकी तबीयत तो ठीक है? भाभीजी पास में हैं?"

हिनं फोन घेऊन खुलासा केला. तिकडे जरा कुजबुज झाली, कागद चाळल्याचा आवाज आला आणि व्याह्यांनी घसा खाकरला. मुलीकडून लिहून घेतलेलं असावं, कारण ते एकेक शब्द सुटा करून वाचत होते. "नमस्कार. आमी, संक्रांतला, येण्याची, पूर्ण चेष्टा करणार."

ही हसू दाबत माझ्याकडे बघत होती. मी फोन परत घेतला.

"ज़रूर कीजिए," मी म्हटलं. "पूरा कट्टा आपकी राह देख रहा है."