गॉगल काढायला लावणाऱ्या पाहुण्यांस

श्री. पाहुणेसाहेब,



आपण सुखरूप घरी पोहोचलात, पोटही ताळ्यावर आले, हे वाचून आनंद झाला. पाठवलेले फोटो छान आहेत. विशेषतः तो एक, ज्याच्याखाली आपण ‘काळाचा स्पर्श न झालेला माणूस’ असे लिहिले आहे. त्या माणसाबद्दलच हे पत्र.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात ‘इथे बायको मिळते ना?’ असे आपण विचारलेत, ते मी भाषांतरात गाळले. मध्यरात्री ड्रोन उडवायला निघालात, गावच्या पोरांनी थोपवले. हे सगळे राग मी परतताना देवगोईच्या घाटात सोडून दिले. गॉगलचा काही सुटत नाही.

काठी गावची राजवाडी होळी इ. स. १२४६ पासून चालत आली असे सांगतात. हा आकडा आपण वहीत दोनदा लिहून घेतलात आणि मग तिथे तेव्हाचीच माणसे शोधू लागलात. सापडला तो होळीत नाचणारा बुध्या. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळक्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरू. नवसाची पालनी धरलेली, म्हणजे खाटेवर बसायचे नाही, बाईचा स्पर्श नाही, आपले जेवण आपणच रांधायचे. आणि डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल! आपला चेहराच पडला. ‘त्याला गॉगल काढायला सांगा. घड्याळसुद्धा. अस्सल वाटत नाही.’

साहेब, तेव्हा आपल्या अंगात जयपुरी कुर्ता होता, गळ्यात रुद्राक्ष आणि टाळूवर चढवलेला गॉगल, माझ्या महिन्याच्या घरभाड्याएवढा. आपल्या अस्सलपणाची चौकशी कुणी केली नाही. उलट एका म्हातारीने ओंजळभर गूळ-डाळ्या दिल्या.

तो गॉगल त्याने गुजरातेत ऊस तोडून घेतला होता. दिवाळी सरली की बिऱ्हाड उचलून बारडोलीकडे जायचे आणि होळीला, मुकादमाशी भांडून का होईना, घरी यायचे. त्या कमाईतली हौसेची एकुलती वस्तू माणूस सणाला घालणार नाही तर कधी? मोराचे पीस त्याचे, मग गॉगल कुणाचा? दर पिढीने या होळीत आपले काहीबाही घातलेच असेल. तुम्हाला संग्रहालय बघायचे होते तर तिकीट काढून तिकडे जायचे होतेत! तिथली माणसे हलत नाहीत, घामेजत नाहीत, उलट बोलत नाहीत.

माफ करा, सूर चढला. तो आपल्यावर चढला की माझ्यावर, हे नीट सांगता येत नाही. कारण ‘भाऊ, जरा गॉगल काढतोस?’ हे शब्द माझ्याच तोंडचे. दिवसाचे मानधन ठरलेले होते. त्याने मला विचारले, ‘तुम्ही यांच्याच गावचे का?’ म्हटले, नाही, पुण्याचा. त्याला दोन्ही सारखेच लांब वाटले असावे. हसला, गॉगल काढला आणि सांभाळायला माझ्याकडे दिला. घड्याळ मात्र काढले नाही. आपण ते फोटोतून पुसलेत, माझ्या लक्षात आले आहे.

एक कबूल करतो. पहाटे तो उंचच उंच बांबू पेटला, ढोल घुमले, शेकडो पाय एका ठेक्यात पडू लागले, तेव्हा मी आपल्याकडे पाहिले. ज्या क्षणासाठी रात्रभर दगडावर बसून, पोट धरून जागलात, त्या क्षणी कॅमेरा गळ्यात नुसता लोंबत होता. आपण आ वासून उभे होतात. पेटत्या होळीचा एकही फोटो आपण पाठवलेला नाही, तो नसणारच. तेवढ्या वेळापुरते मला आपण फार आवडलात.

तोवर बुध्या गर्दीत मिसळला होता. उजाडल्यावर मी त्याला शोधत फिरलो. सगळ्यांच्याच अंगावर ठिपके, सगळ्यांच्याच डोक्यावर पिसे. ओळखणार कशावरून? गॉगल तर माझ्या खिशात.

तेव्हा विनंती एवढीच, की फोटोखालची ती ओळ खोडून ‘गॉगल दुभाष्याकडे आहे’ असे लिहावे.

आपला,
दुभाषी