दोन ड्राइव्हचा सवतासुभा

कॅबिनेटचं डाव्या बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेला कॉम्प्युटर दिसला, की त्या घरात कोण राहतं ते ओळखावं. झाकण माळ्यावर असतं. त्याचे स्क्रू सुपारीच्या डबीत असतात आणि ती डबी कुठे आहे हे फक्त बायकोला माहीत असतं. आत धुळीने माखलेला पंखा, आणि दोन साटा केबली: एकीवर लाल चिकटपट्टी, दुसरीवर पिवळी. लाल म्हणजे विंडोज, पिवळी म्हणजे उबुंटू लिनक्स. हे गृहस्थ ड्युअल-बूटवाले, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिमा ठेवणारे.

वय साधारण साठीच्या अलीकडे-पलीकडे. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातल्या मेंटेनन्स खात्यातून किंवा बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून व्हीआरएस घेतलेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर, किल्ल्यांच्या जुडग्यात चार पेनड्राइव्ह. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे काका म्हणतात, तेव्हा आपणही काकाच म्हणू.

काकांना हे वेड लागलं त्याला टपालखातं जबाबदार आहे. २००५च्या सुमाराला उबुंटूच्या सीडी फुकट मागवता येत. पत्ता कळवला की परदेशातून पाकीट घरपोच यायचं, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. फुकट म्हटल्यावर काकांनी सढळ हाताने मागवल्या. त्या संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवात वाण म्हणून सीडी वाटल्या गेल्या असं जुने सभासद सांगतात. काकू साफ इन्कार करतात. मात्र कबुतरं हाकलायला निम्म्या बाल्कन्यांत टांगलेल्या सीडींवर उबुंटूचं ते गोल चिन्ह पुढे कैक वर्षं उन्हात चमकत होतं, हे मी स्वतः पाहिलंय. २०११मध्ये फुकट सीडी पाठवणं बंद झालं. कबुतरं परत आली.

त्या काळात काका एकाच डिस्कचे तुकडे पाडून दोन्ही सिस्टिमा बसवत. दिवाळीची साफसफाई आणि विंडोजचा फॉरमॅट बहुतेक घरांत एकदमच निघायचा. नव्याने बसलेलं विंडोज बूटची नोंद आपल्या नावावर करून मोकळं व्हायचं. उबुंटू डिस्कवर धडधाकट असायचं, पण त्याच्याकडे जायचा रस्ताच नाहीसा व्हायचा. मग काका सीडी घेऊन धावत आणि दुपारभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसत.

यातून त्यांचा सिद्धान्त तयार झाला. तो ते लिफ्टमध्येही सांगतात. "हे बघा, दोन भाऊ एका घरात वेगळी चूल मांडून राहिले, की भांडण चुलीवरून होत नाही. ते होतं सामाईक अंगणावरून. तेव्हा वाटणी करायची तर घरंच दोन करा." म्हणजे दोन ड्राइव्ह. एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स, प्रत्येकाला स्वतःचं बूट पार्टिशन. आणि ते दोन ड्राइव्ह एकाच आकाराचे घ्यायचे नाहीत, एक २५६ जीबीचा तर दुसरा ५००चा. इन्स्टॉल करताना पडद्यावर एसडीए, एसडीबी अशी नावं येतात, आणि कोण एसडीए नि कोण एसडीबी हे मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलूही शकतं. आकडा बदलत नाही. या एका सल्ल्यासाठी मी काकांचे इतर सगळे सल्ले माफ करायला तयार आहे.

खरा सोहळा इन्स्टॉलेशनचा. काका येतात, चहा नको म्हणतात, चहा घेतात आणि पहिलं काम म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हची केबल उपटतात. घरधनी हादरतो. "अहो, त्यात माझा डेटा आहे!" "म्हणूनच काढली," काका म्हणतात. यात नुसता थाट नाही, शहाणपण आहे. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची एक खोड जगजाहीर होती: बूटलोडर दुसऱ्या ड्राइव्हवर टाक असं निक्षून सांगितलं, तरी तो पहिल्या ड्राइव्हवरच्या विंडोजच्या बूट पार्टिशनमध्ये जाऊन बसायचा. विंडोजही काही साजूक नाही. एखाद्या ड्राइव्हवर तयार बूट पार्टिशन दिसलं, की आपल्या फायली तिथेच ठेवून देतं. मग वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी जुना ड्राइव्ह काढतो आणि नव्यावरचं सगळं असूनही काहीच सुरू होत नाही. म्हणून एकाला बाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याला आत घ्यायचं नाही. सगळं आटोपलं की केबल परत जोडायची, आणि सुरू करताना एफ-ट्वेल्व्ह, एफ-नाइन, एफ-एट, ज्या कंपनीची जी असेल ती कळ दाबून हवा तो ड्राइव्ह निवडायचा. कोणत्या कंपनीची कोणती कळ हे काकांना रामरक्षेइतकं पाठ आहे.

ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याखेरीज ते स्क्रूड्रायव्हर बाहेर काढत नाहीत. घरोघरी हा कागद म्हणजे कालनिर्णय. दुधाच्या खाड्यांशेजारी ते अठ्ठेचाळीस आकडे. त्यामुळे दर जानेवारीत काका घरोघर फिरतात, "जुनं कालनिर्णय रद्दीत दिलं नाहीत ना?"

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला, आणि काकांची प्रॅक्टिस वाढली. विंडोज ११ला टीपीएम २.० हवं, प्रोसेसर अमुक पिढीच्या पुढचा हवा. सोसायटीतली धडधाकट मशीनं एका तारखेत म्हातारी ठरली. नवं घेण्यापेक्षा एक छोटा एसएसडी आणून त्यावर लिनक्स टाकून बघू असा हिशेब लोकांनी केला आणि काकांच्या दाराला बेल नवीन बसवावी लागली.

एवढ्या मेहनतीने दोन घरं करून काका स्वतः राहतात कुठे? कुठेच नाहीत. उबुंटूत शिरले की अपडेट करतात. ते झालं की विंडोजचं अपडेट राहिलंय हे आठवतं, म्हणून मशीन परत सुरू करून तिकडे जातात. पत्रं ते फुलस्केपवर लिहितात, बातम्या फोनवर वाचतात. कॉम्प्युटरवर पोटापाण्याचं काम करतात त्या काकू. चार दुकानांचे हिशेब त्यांच्याकडे आहेत, त्यांना टॅली लागतं, जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. "अहो, तुमचं झालं असेल तर विंडोजकडे या जरा, वीस तारीख आलीय," ही त्यांची हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येते. काकूंनी एफ-ट्वेल्व्हची कळ कधीच शिकून घेतली आहे, पण काकांना वाईट वाटू नये म्हणून त्या हाक मारतात, असा माझा अंदाज आहे.

आता या वाटणीतली मेख सांगतो. ड्राइव्ह दोन झाले तरी मदरबोर्ड एकच असतो. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरात कित्येक ड्युअल-बूट मशीनांवर लिनक्स सुरू होईना. कोण विश्वासू आणि कोण नाही याची नवी नोंद त्या अपडेटने ड्राइव्हवर नव्हे, मदरबोर्डवर केली होती. वेगळं घर असून काय उपयोग, दोघांचा वॉचमन एकच! तो आठवडाभर काका दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

घड्याळाचंही तसंच. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं, की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी दहाला पहाटेचे साडेचार. नेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत हा घोळ चालतो. आणि काकांनी ड्युअल-बूट करून दिलेल्यांत आमच्या तळमजल्यावरचे ज्योतिषी होते, ज्यांच्या मशीनला नेट नाही आणि जे प्रश्नकुंडली चालू वेळेवर मांडतात. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. म्हणजे पावणेतीन राशींचा फरक. कितीएक जातकांची भाग्यस्थानं कुठल्या कुठे गेली.

काकांनी इलाज केला. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, पण ते ऐकतं आणि वर ही पद्धत बरी नव्हे असा लेखी इशारा देतं. काकांना त्याचं मन मोडवेना. त्यांनी विंडोजच्याच रजिस्ट्रीत एक नोंद घातली आणि घड्याळात ग्रीनिचची वेळ आहे हे त्याला पटवलं. कुंडल्या पुन्हा बिनचूक झाल्या.

महिनाभराने ज्योतिषी पेढे घेऊन वर आले. चेहरा मात्र पडलेला. घोळाच्या दिवसांत एका बाईंना त्यांनी सांगितलं होतं, हरवलेली साखळी ईशान्येला, पाण्याजवळ मिळेल. ती फिल्टरच्या मागे सापडली होती, पेढे त्याचे. वेळ दुरुस्त झाल्यापासून मात्र एकही भाकीत लागत नव्हतं.

"तीच मागची वेळ परत बसवून द्या," ते म्हणाले. "पण फक्त कुंडलीपुरती. आमच्या हिला कॉम्प्युटरचं घड्याळ बघून फोनवर तत्काळचं तिकीट काढायचं असतं, तिला खरी वेळ लागते."

नुसता टाइम झोन बदलून हे झालं असतं. पण काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला होता.

"तिसरा ड्राइव्ह टाकू," ते म्हणाले. "त्यावर वेगळं विंडोज. आणि त्याला सांगू की तू आइसलंडात आहेस. लंडन नको, तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करतात."