गॅरेज कुठंय?

परवा मुंबईहून एक निर्माते आमच्या जालन्यात आले. (या सदराच्या सोयीसाठी आले, खऱ्या निर्मात्यांना समृद्धी महामार्गावरून जाताना जालना कधी मागे पडलं तेही कळत नाही.) चहा पिता पिता म्हणाले, "ते 'द सोशल नेटवर्क' पाहिलंत ना? होस्टेलची खोली, एक पोरगा, एक कॉम्प्युटर, दोन कोर्टकेसेस आणि फेसबुक उभं. तसलं काहीतरी मराठी मातीतलं पाहिजे. शून्यातून उभी राहिलेली टेक कंपनी."

"आहे की! महिको. १९६४."

"सॉफ्टवेअर?"

"बियाणं."

कोरड्या गेलेल्या मृगासारखा त्यांचा चेहरा झाला. मी समजूत घातली. म्हटलं, अहो, हेही तंत्रज्ञानच. एवढ्याशा दाण्यात सगळा प्रोग्राम भरलेला. ओल मिळाली की आपोआप सुरू. शिवाय हायब्रीडचं बी घरी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. म्हणून दर जूनला नवी पिशवी घ्यायची. याला तुमचे लोक आता सबस्क्रिप्शन म्हणतात. आमची कंपनी निघाली तेव्हा स्टीव्ह जॉब्झ नऊ वर्षांचा होता.

निर्माते जरा सावरले. "बरं, गॅरेज कुठंय?"

"गॅरेज नाही. शेत होतं. बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. इथं त्यांनी भेंडी लावली."

"भेंडी?"

"'पुसा सावनी'. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेली, केवडा रोगाला दाद न देणारी जात. तिचं बी तयार करून विकलं."

"म्हणजे मूळ शोध सरकारी? मग कोणी म्हटलं नाही, माझी आयडिया चोरली म्हणून?"

"काढलीच होती लोकांनी लावावी म्हणून. चोरायची कोणाकडून?"

"मग मध्यंतरापर्यंत दाखवू काय?" त्यांनी कपाळाला हात लावला. बारवाले निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेले होते, हे सांगितल्यावर मात्र एकदम उसळले. "जेल! भिंतीवर कोळशानं कंपनीचं नाव लिहितो तो!" म्हटलं, तेव्हा कंपनी कोणाच्या डोक्यातही नव्हती. ते म्हणाले, ते आम्ही पटकथेत बघून घेऊ.

उत्तरार्धाची त्यांना चिंता नव्हती. १९९८ साली मोन्सँटोनं महिकोत २६ टक्के वाटा घेतला आणि त्याच वर्षी बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी आली, २०१२ मध्ये राज्य सरकारनं महिकोचा बीटी बियाणं विकायचा परवाना रद्द केला. "वा! परदेशी पैसा, पुरस्कार, सरकार! आणि व्हिलन?"

"बोंडअळी. बीटीपुढं हिरवीनं हात टेकले, तर २०१७ साली तिची गुलाबी बहीण सूड घ्यायला आली."

"गुलाबी! पडद्यावर शोभेल." त्यांनी वहीत लिहून घेतलं. "आता लव्ह स्टोरी?"

ती तर आमच्याकडे हंगामभर चालते. सीड प्लॉटवर संध्याकाळी बाया उद्या उमलणारी कळी हेरतात, तिच्यातले पुंकेसर अलगद काढून टाकतात. सकाळी नराचं फूल आणून मादीवर घासतात, खुणेला दोरा बांधतात. याला 'क्रॉसिंग' म्हणतात. एकेक फूल, एकेक लग्न, सगळी हातानं. पाठ वाकते, पण फूल मोडता कामा नये.

"छान आहे," निर्माते म्हणाले. "पार्श्वभूमीला घेऊ. पण हिरॉईन कोण?"

"त्याच."

"नाव काय?"

"रोजाच्या वहीत असेल. तीस-चाळीस आहेत."

"एवढ्या पोस्टरवर मावणार नाहीत."

"पिशवीवर तरी कुठं मावल्या? तिथं भेंडीचा फोटो असतो."

त्यांनी वही मिटली. मला म्हणाले, तुमच्या गोष्टीत सगळं आहे, फक्त 'एकटा' कोणी नाही. शोध दिल्लीचा, शेत जालन्याचं, हात बायांचे, पैसे शेतकऱ्याचे. आमच्या सिनेमात एका माणसाला रात्री दोन वाजता कल्पना सुचावी लागते. मी म्हटलं, रात्री दोन वाजता आमचा शेतकरीही जागाच असतो. मोटारीला लाइट तेव्हाच येते.

निघताना त्यांनी धंद्याचं विचारलं. "पिक्चर चालला, तर सिक्वेलला वाव आहे का?"

"भरपूर. पहिल्या पावसावर पेरायचं, मग पावसानं दडी मारायची, उगवलेलं करपायचं आणि पुन्हा पिशवी आणायची. आमच्याकडे सिक्वेलला दुबार पेरणी म्हणतात."

"आणि त्याला पैसा कोण लावतं?"

"प्रेक्षकच."